कमान नंतर बांधा, आधी गुरुजींच्या वह्या वाचा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद
आणि मा. उपवनसंरक्षक

महोदय,

आमच्या गावाच्या फाट्यावर, सापांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या दिवंगत गुरुजींच्या नावाची स्वागत कमान उभारायची, दोन्ही खांबांवर फणा काढलेले नाग बसवायचे, असा ठराव झाला आणि त्याला निधीही मिळाला. त्याच आठवड्यात शाळेला दुसरं पत्र आलं. जुनी कौलारू खोली निर्लेखित, म्हणजे सरकारी यादीतून बाद, झाली आहे, शाळा उघडण्याआधी ती पाडून जागा मोकळी करावी, आतल्या निरुपयोगी साहित्याची विल्हेवाट लावावी. त्या निरुपयोगी साहित्यात गुरुजींच्या वह्या आहेत. दोन्ही पत्रं एकाच इमारतीतून निघाली, दोन्हींवर जावक क्रमांक आहे, आणि एका टेबलाचं दुसऱ्या टेबलाला ठाऊक नसावं असं मी धरून चालते. साधा अर्ज देऊन पाहिला. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी या गावची आशा स्वयंसेविका. मोबदल्यावर काम करणाऱ्या बाईने साहेबांना उघड पत्र लिहू नये, असं मला दोघा-तिघांनी प्रेमाने सांगितलं. त्यांचं म्हणणं समजतं. पण आशा होण्याच्या कितीतरी आधी मी गुरुजींच्या वर्गात होते.

तुमच्यातले बरेच जण बदलून आलेले आहेत, तेव्हा गुरुजी कोण हे थोडं सांगावं लागेल. प्राथमिक शाळेत गणित आणि परिसर अभ्यास शिकवायचे. शाळा सुटली की बोडीच्या, म्हणजे छोट्या तलावाच्या, पाळीवर. रात्री हातात बॅटरी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट आणि टोकाला वाकवलेली एक सळई. साप, सरडे, घोरपडी, तलावातली कासवं, सगळ्यांची विचारपूस. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बायका परतताना दिसल्या की थांबवायचे, ‘आज काय दिसलं गा?’ बाई जे सांगेल ते वहीत जायचं, तारीख, वेळ, जागा घालून. तिला नाव सांगता आलं नाही तर रंग विचारायचे, खवले कसे होते ते विचारायचे, आणि उत्तरापुढे स्वतःच्या अक्षरात लिहायचे, ‘खात्री नाही’. प्राणिशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तरी नागपूरहून, पुण्याहून सरपटणाऱ्या प्राण्यांवर अभ्यास करणारी पोरं यायची ती त्यांच्याच ओसरीवर उतरायची, आणि जाताना वह्यांच्या पानांचे फोटो काढून न्यायची.

त्यांचा जीव नागात कमी आणि मण्यारीत जास्त होता. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची पट्टेरी मण्यार महाराष्ट्रात आपल्या पूर्व विदर्भात दिसते, तिची पाठ कौलासारखी उतरती असते, शेपूट बोथट असतं, आणि ती दुसरे साप खाते, हे आम्हाला पुस्तकाआधी त्यांनी धुऱ्यावर उभं करून दाखवलं. कोणी काठी उचलली की एवढंच, ‘मारू नोका रे, मले बोलवा.’ रात्री दोनला बोलावलं तरी यायचे. फणा धरून फोटो मात्र कधी काढू दिला नाही. हल्ली नाग गळ्यात घालून रील करणारी पोरं स्वतःला त्यांचे चेले म्हणवतात, ते त्यांनी ऐकलं असतं तर सळई उगारली असती. पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला निघालेल्या मंडळींना ते एसटी स्टँडवर गाठून बूट आणि बॅटरी तपासायचे. श्रद्धेबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. नागपंचमीला शाळेत मात्र स्पष्ट सांगायचे की साप दूध पीत नाही.

आणि हो, ते साप चावून गेले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर तसं फिरलं म्हणून लिहिते. वय झालं होतं, हृदय थकलं होतं, घरी बाजेवर गेले.

आता तक्रारी. पहिली त्या खोलीचीच.

खोलीत तीन गोष्टी आहेत. सापांच्या काती, खोकी भरून. बाटल्यांमधले साप, लोकांनी मारलेले किंवा रस्त्यावर गाडीखाली आलेले. आणि वह्या. बाटल्यांबद्दल वन विभागाचं म्हणणं मला मान्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप संरक्षित आहेत, मेलेला साप बाटलीत ठेवायलाही परवानगी लागते, आणि गुरुजींकडे ती होती की नव्हती हे आता त्यांना विचारता येत नाही. मग पंचनामा करून ताब्यात घ्या आणि नियमाने एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला द्या. एका कर्मचाऱ्याने मला सुचवलं की खड्डा करून पुरून टाका, फाईल बंद होईल. अशाने फाईल बंद होत असेल, पण कुठल्या गावाच्या कुठल्या वावरात कुठली जात होती याचा पुरावाही त्याच खड्ड्यात जाईल. वह्यांना तर कुठलाच कायदा आडवा येत नाही. तो निव्वळ कागद आहे, आणि त्याला वाळवी लागायला सुरुवात झाली आहे.

त्या वह्यांत काय आहे, हे कमानीचा ठराव लिहिणाऱ्यांनी पाहिलं नसावं. अर्ध्या वह्या सापांच्या आहेत. उरलेल्या माणसांच्या. परिसरातल्या गावांत कोणाला साप चावला, किती वाजता, कुठे, माणूस काय करत होता, झोपला होता तर खाटेवर की खाली, साप कोणता होता आणि ते कशावरून ठरवलं, आधी मांत्रिकाकडे नेलं की दवाखान्यात, दवाखान्यात लसीच्या किती वायल (छोट्या बाटल्या) दिल्या, डोळे कधी उघडले, की उघडलेच नाहीत. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांतली पानं गच्च भरलेली आहेत. धान कापायच्या दिवसांत घोणस, म्हणजे आमच्याकडची परड, हातापायाला चावलेली माणसं. मृगाचा पहिला पाऊस पडला, अंगणात झोपणारे लोक घरात येऊन जमिनीवर पसरले, की मण्यार. पाच-दहा पानं उलटली की हे कोणालाही दिसतं. दिसावं म्हणूनच त्यांनी तसे रकाने आखले होते.

माझ्या काकूचं नाव एका पानावर आहे. रात्री खाली झोपली होती. पहाटे पोटात दुखायला लागलं, वाटलं की शिळं खाल्लं. मग पापण्या जड झाल्या, बोलणं जड झालं. अंगावर दाताची खूण सापडली नाही, मण्यारीची बहुतेक सापडतच नाही, दुखतही नाही. उजाडायच्या आत ती गेली. गुरुजी सकाळी आले, घर पाहिलं, कोठ्याजवळच्या तणसाच्या ढिगात मण्यार सापडली, ती जंगलात सोडली आणि मग माझ्या काकांजवळ दिवसभर बसून राहिले. दाखल्यावर मरणाचं कारण लिहिलेलं नाही. माझी काकू साप चावून गेली हे त्या एका वहीत आहे, सरकारच्या कुठल्याही कागदावर नाही.

दुसरी तक्रार याच नोंदींची. आमच्याकडे आजही दवाखान्याच्या रजिस्टरात ‘अज्ञात दंश’ असं लिहिलं जातं. विंचू असो, साप असो, मुंगी असो, अज्ञात. देशात सापाने मरणाऱ्यांचा अंदाज काढणारा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू धरले आहेत, आणि त्यातले बहुतेक खेड्यांतले, घरी झालेले. सरकारी आकडे त्याच्या जवळपासही जात नव्हते, कारण घरी गेलेला माणूस रजिस्टरात येत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना कळवलं की सर्पदंश हा अधिसूचित आजार करा, म्हणजे प्रत्येक दंश आणि प्रत्येक मृत्यू कळवणं बंधनकारक होईल. दिल्लीत बसलेल्या लोकांना जे २०२४ साली सुचलं, ते आमचे गुरुजी शंभर पानी वहीत पट्टीने रेघा मारून आधीपासून करत होते. आणि ती वही तुमच्या यादीत निरुपयोगी.

या वह्यांचा उपयोग नुसता मोजणीपुरता नाही. सापाची लस कशी होते हे गुरुजी पाचवीच्या पोरांनाही सांगत. सापाचं विष थोडं थोडं घोड्याला टोचायचं, त्याच्या रक्तात विषाला मारणारं द्रव्य तयार होतं, ते वेगळं काढायचं. (एक पोरगा दर वर्षी विचारायचा, घोडा मरत नाही का?) आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते. तिच्यासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, म्हणून तिकडच्या विषावर केलेली लस इकडे तितकीच लागू पडेल असं नसतं. पट्टेरी मण्यारीसाठी तर ती केलेलीच नाही. मग आमच्या भागात कुठल्या दंशाला किती वायल लागल्या, कुठे लस देऊनही उतार पडला नाही, हे ज्या कागदावर लिहिलं आहे त्याची किंमत डॉक्टर लोकांनीच सांगावी. मी सांगितली तर आशाताईला काय कळतं म्हणाल.

तिसरी तक्रार आरोग्य केंद्राची, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

जो स्लोविन्स्की नावाच्या अमेरिकन सर्पसंशोधकाची गोष्ट गुरुजी दर पावसाळ्यात सांगायचे. सप्टेंबर २००१, म्यानमारच्या उत्तरेचं जंगल. पिशवीत एक लहान पट्ट्यांचा साप होता, बिनविषारी आहे असं समजून त्याने आत हात घातला, आणि ते मण्यारीच्या जातीचं पिल्लू निघालं. आपल्याकडे बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांच्यात लोक जसे फसतात तसंच. तासाभरात त्याला कळलं की पुढे काय होणार आहे, ते त्याने सोबत्यांना सांगून ठेवलं. श्वास बंद पडल्यावर सोबत्यांनी पाळीपाळीने तोंडाने श्वास दिला, तासन्‌तास. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर पोचू शकलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. आम्हाला गोष्ट थरारक वाटायची. गुरुजींना त्यातला श्वासाचा भाग महत्त्वाचा वाटायचा. मण्यारीचं विष छातीचे स्नायू लुळे करतं. तेवढा काळ कोणी बाहेरून श्वास चालू ठेवला तर माणूस परत येतो, पुरता बरा होतो. ‘लस लागतेच. पण श्वास आधी,’ हे त्यांचं वाक्य आमच्या गावात म्हाताऱ्या बायकांनाही पाठ आहे.

आता आमच्या आरोग्य केंद्रात रात्री मण्यारीचा रुग्ण आला की काय होतं ते सांगते. कागदावर ‘रेफर’ लिहिलं जातं. लस असली तरी बहुधा दिली जात नाही, कारण लसीची रिअ‍ॅक्शन येईल याची भीती. ती भीती खोटी नाही, रिअ‍ॅक्शन येते, आणि तिच्यावरचं अ‍ॅड्रेनालिन स्वस्त आणि साधं औषध आहे. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सुरुवातीलाच आठ ते दहा वायल द्यायच्या असतात. कपाटात तेवढ्या नसतात. मग १०८ ची वाट, मग ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याला, तिथून नागपूरच्या मेडिकलला. रुग्णाचा श्वास यांतल्या कुठल्या तरी दोन ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावर थांबतो. त्या रस्त्यावर हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग आणि ती दाबता येणारा माणूस असला तर तो पुढे पोचतो. व्हेंटिलेटर मागत नाही साहेब, आधी रबराची पिशवी मागते आहे.

तसंच काचेच्या नळीचं. परड चावली की रक्त गोठत नाही. ते पाहायला स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी आडवी करून बघायचं. वाहिलं तर विष चढलंय, लस सुरू करा. यंत्र नको, वीज नको. पण नळी काचेचीच लागते, प्लास्टिकच्या नळीत ही तपासणी भरवशाची राहत नाही. आमच्या केंद्रात रक्त घ्यायच्या सगळ्या नळ्या आता प्लास्टिकच्या आहेत. गुरुजींनी मरायच्या आदल्या पावसाळ्यात स्वतःच्या पेन्शनमधून काचेच्या नळ्यांचा डबा आणून दिला होता. तो वापरून संपला की फुटला, हे कोणी सांगू शकलं नाही. दुसरा आला नाही हे नक्की.

यात मी कोणा एका डॉक्टरला दोष देत नाही. रात्री एकटा असलेला नवा मुलगा, शेजारी अनुभवी माणूस नाही, बाहेर पन्नास नातेवाईक उभे, मी त्याच्या जागी असते तर मीही रेफर लिहिलं असतं. त्याला शिकवा, त्याच्या हाताशी सामान द्या, आणि फोनवर बोलायला जिल्ह्यातला एक जाणता डॉक्टर द्या.

चौथी तक्रार थोडक्यात. शेतकरी साप चावून गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत घरच्यांना दोन लाख मिळतात. त्यासाठी घराच्या नावे सातबारा लागतो. आमच्याकडे बांधीत चिखलात वाकून रोवणा करणाऱ्या बायांपैकी किती जणींच्या घरी सातबारा आहे? परडीला जमीन कोणाच्या नावावर आहे हे कळत नाही. हा निर्णय जिल्ह्याच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. पण शासनाला तसा प्रस्ताव जिल्ह्यातून जाऊ शकतो. सोबत गुरुजींच्या वहीतली मजुरांची नावं जोडता येतील.

वन विभागासाठी आणखी एक. साप पकडणाऱ्या पोरांना ओळखपत्र आणि विमा देण्याचं मंत्रालयात बोलणं झाल्याचं २०२५ मध्ये ऐकलं. चांगलंच आहे. फक्त ओळखपत्र देण्याआधी कवड्या आणि मण्यार समोर ठेवून विचारा, ओळख. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे मानेमागे थोड्या अंतराने सुरू होऊन शेपटीकडे ठळक होतात, पाठीच्या मधल्या ओळीचे खवले मोठे, षटकोनी असतात. ज्याला हे सांगता येत नाही आणि रील करता येतं, त्याला कार्ड देऊ नका.

मागण्या येणेप्रमाणे. वह्या आणि बाटल्या रीतसर कोणाच्या तरी ताब्यात जाईपर्यंत खोली पाडू नये, आणि तसं लेखी पत्र शाळेला यावं. सगळ्या वह्या गुरुजींच्या घरच्यांच्या संमतीने स्कॅन कराव्यात, एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, एक ग्रामपंचायतीत, आणि एक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्राला देऊ करावी. दंश झालेल्या माणसांची नावं बाहेर जाणाऱ्या प्रतीत झाकावीत, गुरुजींनीही पाहुण्यांना पानं दाखवताना नावावर पट्टी ठेवली होती. रोवणा सुरू व्हायच्या आत आरोग्य केंद्रात पहिल्या पूर्ण डोसाइतक्या वायल, अ‍ॅड्रेनालिन, काचेच्या नळ्या आणि अंबू बॅग असावी, आणि १०८ च्या माणसांसकट सगळ्यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण व्हावं. दंशाची नोंद गुरुजींच्या रकान्यांप्रमाणे व्हावी. फॉर्म छापून द्या, गावातून भरून आणायचं काम आम्ही आशा करू, त्याचा वेगळा मोबदला मागणार नाही. (माझ्या संघटनेतल्या मैत्रिणी या वाक्यावर चिडतील.) आणि औषधी मच्छरदाण्या वाटताना, डासांसोबत मण्यारही अडते म्हणून ती अंथरुणाखाली खोचून झोपा, एवढं सांगायची सूचना लेखी द्या. मी सांगते, पण कागद असला की लोक ऐकतात.

राहिली कमान. तिचं लेखाशीर्ष वेगळं असतं, तो पैसा नळ्यांना आणि वायलींना वळवता येत नाही, असं उत्तर येईल हे मला माहीत आहे. मान्य. बांधा. गावातल्या बऱ्याच लोकांना ती हवी आहे, गुरुजींच्या पत्नीलाही त्यात गैर वाटत नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. सिमेंट पुढच्या वर्षीही मिळेल. वाळवी तेवढं थांबणार नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत या पत्राचं काय झालं हे विचारलं जाईल, विषय सरपंचांकडे नोंदवला आहे. त्याआधी कोणी अधिकारी वह्या पाहायला येणार असतील तर खोलीची किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे. शाळा बंद असेल तर मला निरोप द्या. येताना बूट घाला. खोलीच्या मागच्या भिंतीत उंदरांची बिळं आहेत.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
झाडीपट्टी, पूर्व विदर्भ